चपला बाहेर काढाव्यात

एंटरच्या बटणाखाली सुपारीचा तुकडा अडकला होता — खर्ऱ्यातला, तंबाखूत घोटलेला, भिजून काळा पडलेला — आणि साधना त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की तो सुपारीचा न वाटता कुणाच्या तरी दाताचा वाटायला लागला. शी! टाचणीनं उकरावा म्हटलं तर आणखी आत सरकला. ज्या कुण्या प्राण्यानं हा कीबोर्ड वापरला असेल तो एक ओळ टाइप करून एक चिमूट तोंडात टाकत असेल, मग त्याच बोटांनी पुढची ओळ... आणि असे सहा कीबोर्ड. सहा कीबोर्ड, सहा पिवळे पडलेले डबे, सहा पोट सुटलेले मॉनिटर — मच्छीमार संघाच्या हॉलमध्ये भिंतीलगत ओळीनं मांडून ठेवलेले. सरणावर घालायचं सोडून यांना टेबलावर बसवलंय, ती मनात म्हणाली, आणि टाचणी पुसून पुन्हा पदरात खोचली.

हा सगळा उद्योग जाहिदचा. जाहिद म्हणजे चंद्रपूरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, संघाच्या मशीनला काही झालं की एस.टी.नं येणारा. चंद्रपुरात कुठलासा क्लास बंद पडला आणि त्यातली ही मढी त्यानं काल टेम्पोत घालून कुरखेड्याला आणली. मढीच, कारण आणल्या आणल्या त्यानं एकेकाचं पोट उघडून आतली डिस्क काढून घेतली. "मॅडम, यायले आता दिमाग नाई पाह्यजे," तो म्हणाला. "दिमाग सारा तुमच्या मशीनमंधी. हे फक्त दाखवतीन. इथी बसून टाइप केलं का काम तिथी होते, तुमच्या खोलीत." वायर ओढता ओढता सांगत होता, अगदी खुशीत, स्वतःच्या लग्नाचा मांडव घालत असल्यासारखा. दिमाग नसलेले सहा डबे आणि त्यांच्यापुढे बसायला दिमाग नसलेली सहा माणसं! जोडा झकास जमला होता. असा जोडा जमवायला चंद्रपूरहून माणूस यावा लागतो.

खोली म्हणजे तरी काय, हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली. पण मच्छीमार संघात कॉम्प्युटर आला त्या साली, नव्याण्णवला, नागपूरच्या पुरवठादारानं सांगितलं होतं की धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, आणि अर्थिंग वेगळं पाहिजे. मग पडदा आला, खिडकीत एसी आला, मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरून अर्थिंग झालं — उन्हाळ्यात जंगू शिपाई त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो, तुळशीला घालावं तसं — आणि दारावर पाटी लागली: चपला बाहेर काढाव्यात. त्यानंतर जाहिरात निघाली, ऑपरेटर पाहिजे, मच्छीमार समाजातली मुलगी असल्यास प्राधान्य. साधना गडचिरोलीला कोर्स करून आली होती. ती त्या पाटीच्या आत जाऊन बसली ती आजपर्यंत.

आणि खरं सांगायचं तर त्या पाटीवरच ती जगत आली होती. पगारावर नव्हे... पगारावर आई जगली असती, ती जगली नसती.

कारण भैयाजी! भैयाजी म्हणजे संघाचे व्यवस्थापक, घराणं मालगुजाराचं. आज ज्या तलावांत संघाचे सभासद जाळं टाकतात त्यातले निम्मे एकेकाळी त्यांच्या आजोबांचे. त्यांच्या घराच्या मागच्या दाराशी साधनाची आई, देवकाबाई, मासोळीची टोपली घेऊन उभी राहायची — समोरून नाही, वास देवघरापर्यंत जातो — चपला विहिरीपाशी काढून, आणि लहानगी साधना तिच्या लुगड्याचा काठ धरून. आतून कुणीतरी म्हणायचं, "थांब, मासोळी घ्याले पानं घेऊन येतो," आणि मग त्या दोघी थांबायच्या, उन्हात, तापलेल्या फरशीवर, एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत... तर तेच भैयाजी. त्यांना काही छापून हवं असलं की तिच्या दाराशी यायचे. एका हातानं चौकट धरायचे, एका पायावर लंगडी घालायचे, लेस सुटता सुटायची नाही, धापा टाकत एक बूट काढायचे, मग दुसरा. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला असायचा. ती वळून बघायची नाही. पाठ करून टाइप करत राहायची, पण कान सगळे त्या लेसकडे. दोन्ही बूट फरशीवर वाजले की मगच म्हणायची, "या ना, बसा."

गुणवंतराव हेडक्लार्क यायचे, तालुक्याचे साहेब यायचे, मतदानाच्या आधी हात जोडत फिरणारे यायचे — सगळे अनवाणी. थंडगार फरशीवर त्यांचे पाय केविलवाणे दिसायचे. चपलेवाचून माणूस निम्मा होतो, हे शास्त्र तिला कुठल्या कोर्सात शिकावं लागलं नव्हतं.

धुळीचं कारण खोटं होतं हेही तिला ठाऊक होतं. पडद्यातच एवढी धूळ की झटकला तर अख्खा हॉल शिंकेल. मशीनला चपलेशी काय देणंघेणं! पण पाटी तिनं काढली नाही. दरवर्षी दिवाळीला ओल्या फडक्यानं पुसली, अक्षरं उडाली तेव्हा पेंटर बोलावून लाल रंगात पुन्हा काढून घेतली. का काढू मी ती पाटी? मी म्हणते, का काढावी? तिचा कुणाला त्रास होता? गुडघेदुखी असणाऱ्यांना होता. होऊ दे.

आणि आज सकाळी भैयाजींनी सांगून टाकलं. तेही तिच्या दाराशी येऊन नाही, तर हॉलमध्ये, पंख्याखाली, बूट घालून, सगळ्यांसमोर: "चार वाजता पाहू. साही डबे चालले तर झालं. तुही मशीन राहीन खोलीत, थंडीत, कुलपात. तू इथी बस हॉलमंधी, गुणवंतरावच्या बाजूले. खोलीत कोणाचं कामच नाई ना आता." वर हसले. उपकार केल्यासारखे. "एकटी एकटी बसतस तिथी. जमन तुले इथी, गोष्टी होतीन."

म्हणजे खोली मशीनची होती. एसी मशीनचा, पडदा मशीनचा. लेस सोडत धापा टाकणारा तो माणूस मशीनपुढे उभा राहत होता. आणि ती? तिला मशीनची राखण ठेवली होती, शेतात बुजगावणं ठेवतात तसं. हा विचार तिनं तिथल्या तिथे चिरडला. मूर्ख आहेत हे. मूर्खांच्या निर्णयाला कसला अर्थ असतो! चार वाजता मढी उठून बसणार नाहीत, आणि मग आपण काय म्हणायचं तेही तिनं ठरवून ठेवलं: भंगार ते भंगारच, मी आधीच सांगितलं होतं. सांगितलं तर नव्हतं. पण कुणाला आठवणार?

पण मढी उठून बसली, हीच तर पंचाईत. साडेअकराच्या सुमारास जाहिदनं एकेकात फ्लॉपी घातली, डब्यांनी कण्हल्यासारखा आवाज केला आणि एकामागून एक पडदे निळे झाले. हॉलमध्ये 'अरे वा' झालं. पहिला मान गुणवंतरावांचा. निवृत्तीला आलेले, केसांना काळा रंग लावणारे, एका बोटानं टाइप करणारे. त्यांनी तासभर घाम गाळून मत्स्यबीजाच्या मागणीचं पत्र लिहिलं, आणि लिहून झाल्याबरोबर खिशातला रुमाल काढून मॉनिटरवर टाकला, खुर्ची डब्याला खेटून घेतली.

"काऊन भाऊ, काय झालं?" जाहिदनं विचारलं.

"माह्यं पत्र हाये ना याच्यात. कोणी हात नोको लावू आता."

"भाऊ, पत्र याच्यात नाई. हा डबा खाली हाये, रिकामा. तुम्ही कोन्त्याबी डब्यावर बसा, आपलं नाव टाका, तुमचं पत्र तिथी येते."

गुणवंतरावांना ते पटेना. उठून शेवटच्या टेबलावर गेले, एकेक अक्षर शोधत नाव टाकलं — आणि पत्र आलं. अर्धवट ओळीसकट आलं. माणूस हरखावा, तर हे पांढरेफटक पडले. पुन्हा पहिल्या टेबलाशी जाऊन रुमाल उचलून पाहिलं. मग हळूच, संशयानं सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "इथी कोणी आणलं हे? म्या तर तिथी ठेवलं होतं." जंगू फिदीफिदी हसला. साधना खोलीच्या दारातून बघत होती. गाढवाला गुळाची चव काय! हसू तिलाही आलं, पण ते नाकातून बाहेर पडलं, आणि नाकातून हसण्याची आपल्याला सवय लागली आहे हे तिच्या आजच पहिल्यांदा लक्षात आलं.

"मॅडम, तुम्ही बी पाहा ना," जाहिद म्हणाला. "तुमचं नाव टाकून पाहा."

नको म्हणता आलं असतं. पण सगळे बघत होते, आणि नको म्हणणं म्हणजे भिणं. ती आली, गुणवंतरावांच्या खुर्चीवर बसली. खुर्ची अजून ऊन होती. त्या घाणेरड्या कीबोर्डवर दोन बोटांनी तिनं नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला, आणि सुपारीवालं एंटर दाबलं — आणि तिची खोली तिथे उघडली. दुसरा शब्द नव्हता त्याला. तिनं लावलेलं ते निळ्या तळ्याचं चित्र, तिनं मांडलेल्या फायली, कोपऱ्यात 'घर' नावाची फाइल, जिच्यात तिनं कधी कुणाला न दाखवलेलं बरंच काही लिहून ठेवलं होतं... सगळं तसंच्या तसं, जिथल्या तिथं, हॉलच्या मधोमध, खर्ऱ्याच्या वासात. मागे माणसं उभी होती. चपला घालून उभी होती. पाहुण्यांपुढे अचानक न्हाणीचा पडदा सरकावा तसं झालं तिला. तिनं पडद्यावर आडवा हात धरला, बंद कसं करायचं तेच सुचेना, सहा वर्षं जे रोज केलं ते सुचेना.

"पाह्यलं?" जाहिद म्हणाला. "आता तुम्हाले खोलीत बसाची गरजच नाई."

किती आनंदानं म्हणाला! त्या गाढवाला खरोखर वाटत होतं की तो तिला मोकळं करतोय.

दुपारी तिनं डबा खोलीतच उघडला, दार लावून. वांग्याची भाजी, आईनं केलेली. आई अजून बाजारात बसते. नको म्हटलं तरी बसते. "तुह्या पगारानं पोट भरते व बाई, पण दिवस नाई भरत," म्हणते. एकदाच ती संघात आली होती, कुणाच्या तरी अर्जासाठी. तेव्हा साधना तिला न्यायला बाहेर आली तर आई व्हरांड्यात उभी, चपला फाटकाबाहेरच काढून ठेवलेल्या, आणि फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या गिट्टीतून अनवाणी चालत आलेली. "इथी नाई काढायच्या माय, खोलीच्या दारात काढायच्या!" साधना ओरडली होती केवढ्यानं तरी. तिला तेव्हा आईची चीड आली होती. चीड म्हणजे... किळसच. ती बाई कुठेही चपला काढेल. बँकेत काढेल, पोस्टात काढेल, पंपावर काढेल. मग तिच्या काढण्याला काय किंमत, आणि भैयाजींच्या काढण्याला काय? आई खोलीत आलीच नाही. व्हरांड्यातून काच दिसत होती, तेवढ्यातून बघितलं आणि म्हणाली, "चांगलं थंड दिसून राह्यलं." आणि गेली.

ती पाणी प्यायली. खाली वाकून बाटली ठेवताना टेबलाच्या पायाशी जाहिदनं सकाळी ठोकलेला नवा बोर्ड दिसला. हॉलच्या प्लगांना अर्थिंग नाही, म्हणून सहाही डब्यांची वीज त्यानं तिच्या खोलीतून नेली होती. एक वायर, एक बोर्ड, एक बटण. तिची स्वतःची मशीन वेगळ्या, बॅटरीच्या प्लगवर. म्हणजे हे एक बटण दाबलं की... ती सरळ होऊन बसली. डब्याचं झाकण लावलं. दुपारभर तिनं त्या बोर्डाकडे एकदाही पाहिलं नाही, आणि दुपारभर तिला तो पायाशी झोपलेल्या कुत्र्यासारखा जाणवत राहिला.

चार वाजता भैयाजी आले. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. सहाही जण सहा टेबलांवर, नवऱ्या मुलासारखे ताठ. भैयाजी मागून फिरत एकेकाच्या खांद्यावरून बघतायत, जाहिद हात मागे बांधून भिंतीशी. साधनाला त्यांनी बोलावलं नाही. बोलावतील म्हणून ती दार अर्धं उघडं ठेवून बसली होती, पण उथळ पाण्याला खळखळाट फार — तिथे आधीच सगळं जिंकल्यासारखी बडबड चालली होती. "हे पाहा भैयाजी, माह्यं पत्र इथूनबी दिसते, तिथूनबी दिसते!" हे गुणवंतराव. सकाळचा चोर पकडणारा माणूस आता दुकान लावून बसला होता. आणि भैयाजी म्हणाले, "झकास! म्हणजे कोणी कुठीबी बसा." आणि त्यांच्या बुटाचा आवाज खोलीच्या दाराकडे आला, उंबरठ्याशी आला, थांबला — आणि आत आला. टक, टक. लेस नाही, चौकट नाही. सरळ आत, एसीच्या हवेत, तिच्या फरशीवर. त्यांनी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "कुलूप मोठं लावा लागन याले," जंगूला म्हणाले, आणि गेले तसेच बाहेर.

तिचा पाय चपलेत नव्हता. इथे तो कधीच नसतो. अंगठा आपणहून बटण शोधत गेला. थंड प्लास्टिक. खट्.

हॉलमधले सहाही पडदे एकदम मिटले.

आता! तिनं ओठ उघडले. भंगार ते भंगारच. आता जाहिद धावेल, आता भैयाजी चिडतील, आता सगळी या दाराशी येतील, मॅडम बघा ना, मॅडम काय झालं... आणि मी वळून बघणार नाही.

"गेली!" गुणवंतराव म्हणाले.

"गेली लाईन," आणखी कुणी म्हणालं, जांभई देत. खुर्च्या मागे सरकल्या. "चाराची वेळच हाये तिची." "चला रे, च्या मांडा." पन्नीचा चुरचुर आवाज, खर्रा निघाला. जणू ढग आला आणि ऊन गेलं. आणि डोक्यावर पंखे फिरत होते! गरगर फिरत होते, गुणवंतरावांचे रंगवलेले केस त्या वाऱ्यानं उडत होते, आणि तो माणूस लाईन गेली म्हणून उकडतंय अशा हातानं कॉलर हलवत बाहेर चालला होता. एकानंही वर पाहिलं नाही. भैयाजींनीही नाही. व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला, "लाईनीले बी आजच मुहूर्त भेटला! जाऊ द्या, मशीनचा काय दोष? चालत तर होते सारे फस्कलास. उद्यापासून सुरू."

साधना दारात उभी राहून रिकाम्या हॉलकडे बघत राहिली. तोंडातलं वाक्य तोंडातच होतं. हात दाखवून अवलक्षण — पण अवलक्षण बघायलासुद्धा कुणी नको? तिला हसावंसं वाटलं, मोठ्यानं, आणि त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी फार वेगळं होतं. सहा वर्षं मी यांना मूर्ख म्हणत आले, आणि ते इतके मूर्ख निघाले की माझ्या हातून त्यांना इजासुद्धा होत नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी! वासरं चरायला निघून गेली, आणि गाय... गाय आपलं लंगडणं घेऊन उभी.

एक जण गेला नव्हता. जाहिद भिंतीशी तसाच उभा होता आणि वर पंख्याकडे बघत होता. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. दाराशी आला. आत आला नाही.

"बोर्डाची वायर ढिली असन, मॅडम," तो हळू म्हणाला. "माहीच गलती. घाईघाईत ठोकला सकाळी. पाह्यतो मी."

त्याला कळलं होतं. तिच्या पायाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही, म्हणून तर नक्कीच कळलं होतं. तिनं त्याच्या चेहऱ्यावर तुच्छता शोधली — थोडी तरी, चिमूटभर. ती असती तर तिला उत्तर देता आलं असतं, त्या धंद्यात ती मुरलेली होती. पण तुच्छता नव्हतीच. चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा होता आणि एक विचित्र अदब, आजारी माणसाच्या खोलीत बोलताना असते तशी. तिला ती अदब मारल्यासारखी लागली.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी बघते."

"जी," तो म्हणाला, आणि व्हरांड्याकडे गेला. तिकडे त्याला कुणीतरी विचारलं, किती वेळ लागीन, आणि त्याचं उत्तर तिला ऐकू आलं, अगदी साधं: "लाईन येईन आता."

ती परत टेबलाशी बसली. तिची मशीन शांतपणे घुमत होती. काही घडलंच नव्हतं त्या मशीनच्या लेखी. कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. कुणाला तुच्छ मानावं म्हणून तिनं मनात एकेकाला पुढे उभं केलं — गुणवंतराव, भैयाजी, जंगू, तो जाहिद — आणि एकही उभा राहीना. सगळे व्हरांड्यात चहा पीत होते. इथे होती ती एकटी, टेबलाखाली अंधारात अंगठा घालून बसलेली बाई.

खट्.

हॉलमध्ये सहा मॉनिटर एकदम किणकिणले, आणि व्हरांड्यातून आरोळी उठली, "आली रे आली! लाईन आली!" टाळ्या वाजल्या. म्हातारे गुणवंतराव पोरासारखे ओरडले. घरी असं व्हायचं, लहानपणी, अख्ख्या ढिवर मोहल्ल्यातून एकच ओरड उठायची, आणि आई चुलीपुढून तोंड वर करून हसायची... आणि साधनाच्या छातीत, तिला न विचारता, काहीतरी उसळून आलं. आनंदच तो. निव्वळ, फुकटचा, लाजिरवाणा आनंद. या असल्या माणसांच्या आरोळीनं! तिला स्वतःची शिसारी आली, आणि शिसारीनंही तो जाईना.

बुटांचे, चपलांचे आवाज हॉलमध्ये परत येत होते. "मॅडम, या ना बाहीर, च्या घ्या," कुणीतरी हाक मारली. ती उठली नाही. अंगठा अजून बटणावरच होता. पुन्हा दाबावंसं वाटत होतं तिला, आणि दाबावंसं वाटतंय ते सगळं बंद पाडायला, की ती आरोळी आणखी एकदा ऐकायला, हे काही केल्या तिला ठरवता येत नव्हतं.